गाडीची तहान

बैलाला पाणी पाजल्याशिवाय जुंपायचं नाही, हा भगवानरावांच्या घरचा नियम. तो त्यांच्या आजोबांनी घातला की आजोबांच्याही आजोबांनी, कुणाला ठाऊक नाही; पण मोडलेला कुणी पाहिला नव्हता. पुढे बैल गेले, गोठ्यात एक म्हैस तेवढी उरली, आणि जिथे बैलबंडी उभी राहायची तिथे विटकरी रंगाची एक जुनी मोटार येऊन उभी राहिली. नियम होता तिथेच राहिला. म्हाताऱ्या माणसांच्या घरात माणसं जातात, ढोरं जातात, नियम काही जात नाहीत.

म्हणून दर सोमवारी आणि गुरुवारी, पहाटे साडेपाचला, बाजारहत्नूरजवळच्या त्यांच्या गावात एक ठरलेलं बोलणं व्हायचं. भगवानराव दवाखान्याची फाईल, चादर आणि डबा घेऊन बाहेर येत. विमलबाई गाडीचं बॉनेट खाली टेकवून, पाच लिटरच्या कॅनचं झाकण लावत उभ्या असत.

“पाजलं का?”

“पाजलं.”

मग गाडी सुरू व्हायची. संध्याकाळी आदिलाबादहून परत निघतानाही तेच. तेव्हा विमलबाईंच्या अंगात उभं राहायचंही बळ नसे, पण पाणी त्याच पाजत. भगवानराव तोवर दवाखान्याखालच्या दुकानातून औषधं घेऊन येत. नवऱ्याच्या हाताला तेवढाच आराम, असं त्या म्हणत. भगवानरावांनाही ते खरं वाटे, कारण आराम या शब्दाशी त्यांची गाठ पडून दोन वर्षं झाली होती.

दोन वर्षांपूर्वी विमलबाईंच्या दोन्ही किडन्या बसल्या. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा आदिलाबादच्या सरकारी दवाखान्यात चार तास डायलिसिसच्या मशीनला लागायचं, आणि अंगात साठलेलं पाणी मशीन काढून घेई. लघवीवाटे ते बाहेर पडायचं जवळपास बंदच झालं होतं. एसटीने दोन गाड्या बदलून जाणं त्यांना झेपेना, म्हणून ही मोटार आली आणि साठीच्या भगवानरावांनी स्टिअरिंग धरायला शिकून घेतलं. दवाखान्यातल्यांनी त्यांना एकच काम नीट समजावून दिलं होतं: बाईला दिवसाला पाऊण लिटरपेक्षा जास्त पाणी द्यायचं नाही. चहा, वरण, गोळीबरोबरचा घोट, सगळं त्यातच धरायचं.

भगवानरावांनी एका बाटलीला तीन दोरे बांधले. ती वरच्या दोऱ्यापर्यंत भरायची; मधल्यापर्यंतचं पाणी सकाळचं, खालच्यापर्यंतचं दुपारचं, उरलेलं रात्रीचं. रांजण उचलून स्वतःच्या खोलीत नेला. भाजीचा रस्सा आटवायला लावला, टरबूज घरात आणणं बंद केलं. जन्मभर कापसाला पाणी मोजून सोडलं नाही तो माणूस बायकोला पाणी मोजून द्यायला लागला, आणि हे काम बाकी कुठल्याही कामापेक्षा माणसाला लवकर म्हातारं करतं. स्वतःला तहान लागली की ते गोठ्यामागे जायचे. तिथे भिंतीआड एक तांब्या ठेवलेला असायचा. तिच्यासमोर घटाघटा पाणी पिणं त्यांच्यानं होत नसे.

एवढं करूनही हिशेब लागत नव्हता. दोन खेपांच्या मधे वजन दोन किलो वाढलं तर चालतं, असं तिथली सिस्टर सांगायची. विमलबाईंचं दिवाळीपासून चार चार किलो वाढत होतं. पायांवर सूज, बोलताना धाप. मागच्या सोमवारी डॉक्टरांनी भगवानरावांना बाजूला घेतलं आणि हिंदीत, आवाज न चढवता सांगितलं, की असंच चाललं तर पाणी छातीत भरेल. रात्री श्वास अडकला तर इथवर आणायला वेळ मिळणार नाही.

बाटलीचे दोरे त्यांनी घरी येऊन पुन्हा बांधले, एकेक बोट खाली.

आणि अशात गाडीनंही अंग काढलं. डिसेंबर लागला, आदिलाबादची थंडी हाडात शिरायला लागली, आणि पहाटे गाडी सुरू केली की सायलेन्सरमधून पांढराशुभ्र धूर. धूर तरी परवडला, पण टोकातून पाणी ठिबके. अंगणातल्या धुळीत तळहाताएवढं ओलं व्हायचं. तिकडे कॅन पाहावा तर खेपेला दीड-दोन लिटरनं कमी. गाडी इकडून पाणी पिते आणि तिकडून सोडते, हे समजायला काही शाळेत जावं लागत नाही.

शेजारच्या नागोरावानं, जो तीस वर्षांपूर्वी दोन वर्षं ट्रॅक्टर चालवून कायमचा जाणकार झाला होता, घोंगडीतूनच निदान केलं.

“इंजनाचं हेड गेलं, भगवानराव. पांढरा धूर आन पानी पेते, मंजे दुसरं काई नाई. इंजन खोला लागते. आठ-धा दिवस गेले समजा.”

आठ-दहा दिवस म्हणजे दोन-तीन खेपा. एक खेप चुकली तर काय होतं ते मागच्या पावसाळ्यात नाल्याला पूर आला तेव्हा पाहून झालं होतं. विमलबाई रात्रभर भिंतीला टेकून बसल्या होत्या, कारण आडवं झालं की श्वास पुरत नव्हता. भगवानरावांना ती रात्र पुन्हा नको होती. दोन पाणी पिणाऱ्यांमध्ये आपण अडकलो, एकीला द्यायचं नाही आणि दुसरीला दिल्याशिवाय ती चालत नाही, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी वाटेवरच्या गुडीहत्नूरच्या धम्मपाल मेकॅनिकला फोन केला.

गुरुवारी पहाटे नेहमीसारखं पाजून झालं. गाडी गावाबाहेर पडल्यावर भगवानरावांनी सांगितलं, “धम्मपालकडं थांबतो जरासं. गाडी दाखवतो.”

मागच्या सीटवरून लगेच उत्तर आलं. “कायले? चांगली तं चालून राह्यली.”

“पानी किती पेते ते दिसत नाई का तुले? तूच तं पाजतं.”

“जुनी गाडी हाय, पेन थोडंसं. मानूस नाई का म्हातारपनी...” एवढ्यावर त्या थांबल्या. आरशात भगवानरावांना त्यांचा कपाळापर्यंत ओढलेला पदर तेवढा दिसला. बोलण्यासारखं बरंचसं गेल्या दोन वर्षांत बोलून संपलं होतं.

धम्मपालचं गॅरेज हायवेला लागूनच, आणि मागे घर. त्याचे आजोबा भगवानरावांच्या वडिलांकडे सालानं होते. वाड्यावरच्या रांजणाला हात लावायची त्यांना सोय नव्हती, ओंजळीत वरून ओतलेलं प्यायचं. हे धम्मपालला माहीत होतं, भगवानरावांनाही माहीत होतं, आणि दोघांपैकी कुणी ते कधी काढलं नव्हतं. आयटीआय करून धम्मपालनं दहा वर्षं नागपूरला काढली आणि इथे स्वतःचं शटर उघडलं. भगवानराव त्याला ‘अरे’ म्हणायचे, पण त्याच्या समोरच्या स्टुलावर पोरासारखे बसायचे.

“इंजन बंद करू नका, काका,” धम्मपाल म्हणाला आणि आधी गाडीच्या मागे गेला. सायलेन्सरपाशी उकिडवा बसून त्यानं तळहात धुरासमोर धरला. मग तो हात भगवानरावांच्या नाकाशी आणला. “काई वास येते का?”

“नाई.”

“धूर दिसते का?”

भगवानरावांनी वाकून पाहिलं. धूर नव्हता. थेंबही नव्हता. “आता नाई. पन घरून निंगतानी असा निंगते की गोठा दिसत नाई.”

“घरून निंगतानी. आन गावाबाहीर आल्यावर?”

“मी पुढं पाह्यतो रे बाबा, मागं कवा पाहू?”

धम्मपाल हसला. “ऐका. निळा धूर आला तं ऑइल जळून राह्यलं. काळा आला तं पेट्रोल जास्त जाऊन राह्यलं. पांढरा आला, गोडसर वास आला आन गाडी तापल्यावरबी बंद झाला नाई, तं समजाचं इंजनात पानी शिरलं. तुमची गाडी तापली की धूर बंद. मंजे तो धूरच नव्हे, वाफ हाय.”

“मंग वाफ तरी कायची? पानी पेल्याशिवाय वाफ येईन का?”

“पेट्रोल जळलं की पानी होते, काका.”

भगवानरावांनी त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जशी ते फक्त कापसाच्या व्यापाऱ्यासाठी राखून ठेवत. “जाळल्यावर राख होते. पानी होते हे पयल्यांदा आयकतो.”

“राख लाकडाची. पेट्रोलचं पानी होते. लिटरभर पेट्रोल जाळलं तं जवळपास लिटरभर पानी. रोजच होते, पन उन्हाळ्यात वाफ होऊन निंगून जाते, दिसत नाई. थंडीत सायलेन्सर गार पडलेला रायते ना, वाफ तिथंच अडकते आन थेंब होते. भातावरच्या झाकनाले जसं पानी येते तसं. सायलेन्सर तापला की ठिबकनं बंद. गाडीले काई झालं नाई.”

“आन कॅनातलं जाते ते?”

“ते पाहू.”

इंजिन बंद करून त्यानं बॉनेट उघडलं. ऑइलचं झाकण काढून आतून बोट फिरवलं. पाणी शिरलं असतं तर तिथे ताकासारखा फेस आला असता, तो नव्हता. मग तो बाजूच्या प्लास्टिकच्या डब्याकडे वळला, ज्यातून इंजिनाला थंड ठेवणारं पाणी जातं. धम्मपालची एक पद्धत होती. ज्या ज्या गाडीत तो कूलंट, म्हणजे हे हिरवं पाणी, नवीन भरी, तिच्या डब्यावर पातळीपाशी बायकोच्या नेलपॉलिशनं एक लाल रेघ ओढून ठेवी. गिऱ्हाईक खोटं बोलेल, रेघ बोलणार नाही, असं तो म्हणे.

त्यानं डब्यावर मोबाईलचा उजेड मारला आणि भगवानरावांना जवळ बोलावलं.

“दसऱ्याले तुमचा पाइप बदलला, कूलंट भरलं आन ही रेघ मारली. तवाच सांगतलं होतं, आता पानी लागनार नाई.”

सांगितलं होतं खरं. भगवानरावांनी तेव्हा मान डोलावली होती आणि घरी येऊन कॅन पुन्हा भरून ठेवला होता. उन्हाळ्यात पाइप गळत होता तेव्हा खरंच दोनदोनदा पाणी घालावं लागे, आणि तेव्हाच त्यांनी विमलबाईंना कुठून ओतायचं ते शिकवलं होतं. पाइप बदलला म्हणून काय झालं? राबणाऱ्या जिवाला तहान लागतेच. एवढं शिकलेलं पोर, पण बैल काही पाळलेला नाही.

“पाहा आता,” धम्मपाल म्हणाला. “पातळी रेघीवरच हाय. गरम हाय म्हनून बोटभर वर. आन रंग पाहा, हिरवागार. खेपेले दोन लिटर साधं पानी पडलं असतं तं हा रंग कवाच धुवून गेला असता. डबा भरून वाह्यला असता. काका, दसऱ्यापासून या गाडीत पान्याचा एक थेंब गेला नाई.”

“असं कसं? दर खेपेले ही सोता...”

भगवानरावांनी वळून गाडीत पाहिलं.

मागच्या सीटवर विमलबाई काच बंद करून बसल्या होत्या. त्या हायवेवरून जाणाऱ्या ट्रककडे बघत होत्या, आणि एका ट्रकमागे दुसरा येईपर्यंत रिकाम्या रस्त्याकडेही तितक्याच लक्ष देऊन बघत होत्या. पायांशी कॅन होता.

धम्मपालनं एकदा कॅनकडे पाहिलं, एकदा विमलबाईंच्या सुजलेल्या पायांकडे. त्यानं बॉनेट हळूच लावलं, हात धुवायचे आहेत म्हणाला आणि घरात निघून गेला. तो लवकर बाहेर आला नाही.

भगवानरावांना आधी राग आला. असा राग, की त्या थंडीत कान तापले. रात्री तिच्या छातीवर हात ठेवून श्वास मोजणारा मी, वरणाचं पाणी काढून टाकणारा मी, दोरे बांधणारा मी. आणि ही माझ्याच अंगणात, माझ्याच कॅनमधून, माझ्याच नियमाच्या आड. त्यांनी गाडीत बसून दार आपटलं. गाडी हायवेला लागली, दोन-तीन किलोमीटर गेली, तेव्हा त्यांनी विचारलं.

“कवापासून?”

“दसऱ्यापासून.” आवाज बारीक होता, पण चोरटा नव्हता. “पयल्या दिवशी गडूभर पानी घेऊन ओताले गेली, तं तो डबा भरलेलाच होता. गडू हातात राह्यला. आता भरलेलं पानी मातीत फेकाचं का? मी पेऊन टाकलं.”

“आन मंग?”

“मंग काय. मंग गुरुवार येवो म्हनून वाट पाह्यत बसो मी. लोक मशीनले भेतात. मले मशीनचा दिवस आला की बरं वाटे.”

“डॉक्टर काय बोलला ते सांगतलं होतं ना तुले? छातीत पानी भरते. मरशीन.”

“आयकलं.” मागून धाप ऐकू आली. “ढोराले पानी पाजता, लिंबाच्या झाडाले टाकता. या पत्र्याले तहान लागते म्हनून कॅन भरून ठेवता. मलेच काऊन मोजून? जीभ टाळूले चिकटते जी. रात्री सपनात विहीर दिसते.”

भगवानरावांकडे याचं उत्तर होतं. डॉक्टरनं सांगितलेलं सगळं त्यांना पाठ होतं. पण त्यांच्या लक्षात आलं, की ते सगळं तिलाही पाठ आहे. राग ओसरला आणि त्याच्या जागी नेहमीचा तो थकवा येऊन बसला, जो निदान ओळखीचा होता.

दवाखान्यात वजनकाट्यावर चार किलो शंभर ग्रॅम जास्त भरले. तेलुगू सिस्टर, जी एरवी विमलबाईंना अम्मा अम्मा करायची, ती आज चिडली. “नीळ्ळू तक्कुवा अनि चेप्पानु कदा, अम्मा!” पाणी कमी प्यायला सांगितलं होतं ना, हे आता दोघांना तेलुगूतही समजत होतं. विमलबाई काट्यावरच खाली मान घालून उभ्या राहिल्या.

“उसको मत बोलो, सिस्टर,” भगवानराव म्हणाले. “गलती मेरी है. मैंनेच पिलाया.”

सिस्टर त्यांना बोलायचं ते बोलली, आणि ते बरंच होतं. भगवानरावांनी ऐकून घेतलं. विमलबाईंनी मात्र मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं, आणि मशीनच्या नळ्या लागेपर्यंत त्या त्यांच्याकडेच पाहत होत्या. त्या दिवशी मशीननं ओढून ओढून पाणी काढलं. पायात असे पेटके आले की त्यांनी दोनदा हाक मारली, आणि दोन्ही वेळा भगवानराव पोटऱ्या दाबत बसले.

परतताना कुणी गाडीला पाणी पाजलं नाही. गुडीहत्नूरला भगवानरावांनी कॅन धम्मपालच्या दारात ठेवला आणि निघाले. बाजारहत्नूरच्या रस्त्याला लागल्यावर त्यांनी सागाच्या झाडांखाली गाडी उभी केली. विमलबाई मागे चादर पांघरून आडव्या होत्या.

“एक सांगू का?” ते समोर बघतच म्हणाले. “मीबी चोरूनच पेतो. दोन वर्सं झाली. गोठ्यामागं तांब्या ठेवला हाय.”

“माहीत हाय मले.”

“कसं?”

“गिळल्याचा आवाज येते ना. भिताडाच्या अलीकडं माही बाज हाय.” त्या थांबल्या, श्वास घेतला. “तुमी मागं गेले की मी कानावर पदर घेत होती. तसं नका करू. माह्यासमोर प्या. तुमी लपून पेता तं मले वाटते, मी मेलीच हाय आन तुमी घरात एकलेच हा.”

भगवानरावांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. तो स्वच्छच होता. बराच वेळ पुसत राहिले.

सोमवारी पहाटे थंडी आणखी वाढली होती. विमलबाई सवयीनं गाडीच्या तोंडाशी येऊन उभ्या राहिल्या आणि हात रिकामे आहेत हे पाहून बाजूला झाल्या. भगवानराव घरातून आले ते फाईल, चादर, डबा घेऊन नाही. एका हातात पाण्यानं भरलेला तांब्या आणि दुसऱ्या हातात गडू पालथा घातलेली दोऱ्यांची बाटली. दोरे पुन्हा जुन्या जागी, एकेक बोट वर बांधलेले होते. त्यांनी बाटलीतलं मधल्या दोऱ्यापर्यंतचं पाणी गडूत ओतलं. सकाळचा सगळा वाटा.

“घे. पाजल्याशिवाय जुंपाचं नाई.”

मग त्यांनी तांब्या तोंडाला लावला आणि तिच्यासमोर, आवाज करत, पूर्ण रिकामा केला. विमलबाई त्यांच्या गळ्याकडे पाहत होत्या. त्यांनी स्वतःचा गडू दोन्ही हातांत धरला आणि एकेक घोट तोंडात फिरवत, जिभेखाली ठेवत, इतक्या सावकाश प्यायल्या की भगवानरावांना सामान आणून गाडी सुरू करायला वेळ मिळाला. मागे पांढरी वाफ उठली. गोठा दिसेनासा झाला. टोकातून थेंब पडू लागले, आणि धुळीत ओला डाग हळूहळू पसरला.

विमलबाई दाराशी थांबून त्या डागाकडे बघत राहिल्या.

“हिले आता पानी नाई लागत?”

“नाई लागत,” भगवानराव आतून म्हणाले. “ती सोताच बनवते.”

“बनवते बी, आन बाहीर टाकते बी.” त्यांनी दार ओढून घेतलं आणि चादर पायांवर घेतली. “नशिबाची हाय.”